फाटकाजवळचा फळा: एका दिवसाचे दोन संत कसे लिहावेत

सहा फेब्रुवारीच्या आदल्या संध्याकाळी मी आमच्या चर्चच्या फाटकाजवळच्या फळ्यावर लिहिलं, ‘संत पॉल मिकी आणि २६ सोबती, रक्तसाक्षी’. रक्तसाक्षी म्हणजे धर्मासाठी जीव दिलेले. अक्षर झकास उठलं होतं. धर्मशिक्षणाच्या वर्गाला आलेली पाचवीतली एक पोरगी खालचा मजकूर वाचत बोटं मोजत उभी राहिली. “दिवाणजी काका, फ्रान्सिस्कन सहा, जेझुइट तीन, साधी माणसं सतरा. सव्वीसच की हो. मग हे सत्तावीस कुठनं आले?” फ्रान्सिस्कन आणि जेझुइट हे आमच्यातले दोन धर्मसंघ. खालचा तपशील माझा, वरचा आकडाही माझा, आणि दोन्हींचा मेळ बसत नाही.

एकतीस वर्षं मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या आडत दुकानात दिवाणजी होतो. सौदा आटोपला की राजापुरीचा वरचा दर, खालचा दर आणि पोत्यांचा आकडा दुकानाच्या फळ्यावर मीच लिहायचो. तिथं एक पोतं चुकलं तर रात्री जेवण गोड लागायचं नाही. आणि इथं मी जपानातल्या नागासाकीच्या टेकडीवर एक माणूस जास्तीचा मारून ठेवला होता! ओल्या फडक्यानं पुसलं आणि लिहिलं, ‘एकूण २६’. तेव्हापासून ‘सोबती’ लिहिताना एकूण आकडा लिहितो. तुम्हीही तसंच करा, म्हणजे वजाबाकी करावी लागत नाही.

आता हात थरथरतो. वेलांटी वाकडी जाते. फादर म्हणाले, “दिवाणजी, पुढच्या वर्षी पोरं लिहितील, त्यांना काय ते सांगून ठेवा.” म्हणून हे लिहितोय. एकट्या संताचा फळा कोणीही लिहील. अडचण येते ती चर्चच्या सणांच्या कॅलेंडरात एका तारखेला दोन नावं असली, किंवा एक नाव आणि पुढं ‘आणि सोबती’ असलं की.

पहिलं काम खडू हातात घ्यायच्या आधीचं. दोन दिवस आधी कॅलेंडर उघडा आणि दोन नावांच्या मध्ये ‘आणि’ आहे का बघा. ‘आणि’ असेल तर तो एकच सण, दोघांचा मिळून. नावं वेगवेगळ्या ओळींवर असतील तर ते नुसते तारखेचे शेजारी. २० जानेवारी बघा. फेबियन आणि सेबास्टियन दोघंही रोमचे रक्तसाक्षी, पण फेबियन पोप, गेले २५० साली, आणि सेबास्टियन सैनिक, डायोक्लेशियन बादशहाच्या काळातला. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. अशा दिवशी मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, कोणाचं स्मरण करायचं ते फादर ठरवतात. म्हणून आदल्या दिवशी जाऊन विचारायचं, “फादर, उद्या कोण?” मनानं ठरवून लिहिलं आणि फादरांनी दुसरा निवडला की लोक फळ्याकडं बोट दाखवतात, फादरांकडं नाही.

कॅलेंडर कोणत्या सालचं आहे तेही बघा. २९ जुलैला जुन्या कॅलेंडरांत एकटी मार्था असते, येशू घरी आला तेव्हा पाहुणचाराच्या कामात गुंतलेली ती. २०२१ साली रोमहून हुकूम निघाला आणि तिच्याबरोबर बहीण मरीया आणि भाऊ लाजर हेही आले. आमच्या कपाटात एक जुनं उपासनेचं पुस्तक आहे, त्यात अजून मार्था एकटीच स्वयंपाकघरात आहे.

दुसरं काम, आणि माझ्या मते खरं काम हेच: हे दोघं एकत्र का, ते शोधा. त्याशिवाय फळा लिहू नका. नुसतं ‘संत शिमोन आणि संत यहूदा, प्रेषित’ असं लिहून दिलं तर वाचणाऱ्याला पोत्यावरची चिठ्ठी वाचल्यासारखं होतं, आत काय आहे ते कळत नाही. दुसऱ्या ओळीत ‘का’ आलंच पाहिजे.

हे ‘का’ दर वेळी वेगळं असतं. कधी सख्खं नातं असतं, कधी एकच काम, कधी एकच मरण. कधी तर फक्त हाडं एका जागी ठेवलेली असतात. फिलिप आणि याकोब हे दोन प्रेषित, म्हणजे येशूचे निवडक शिष्य, घ्या. शुभवर्तमानात, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चरित्रात, या दोघांची जोडी म्हणून काही गोष्ट नाही. पण रोममध्ये सहाव्या शतकात प्रेषितांच्या नावानं एक चर्च उभं राहिलं, तिथं दोघांचे अवशेष एकत्र ठेवले, आणि त्या चर्चच्या अर्पणाची तारीख १ मे म्हणून दोघांचा सण १ मे. पुढं १९५५ मध्ये पोप बारावे पायस यांनी १ मे कामगार योसेफाला, म्हणजे मरीयेच्या सुतार नवऱ्याला, दिला. हे दोघं आधी ११ मेला सरकले, आणि १९६९ च्या नव्या कॅलेंडरात ३ मेला येऊन बसले. आपल्याकडं १ मेला महाराष्ट्र दिनाची गर्दी असतेच, त्यामुळं मला हे सोयीचंच पडलं. फळ्यावर मी लिहितो, ‘रोममध्ये एका छताखाली, म्हणून कॅलेंडरातही एका तारखेखाली’.

पेत्र आणि पौल, २९ जून. इथं हमखास चूक होते. ‘दोघांना एकाच दिवशी मारलं’ असं लिहू नका. परंपरा सांगते ती एवढी: दोघंही रोममध्ये, नीरो बादशहाच्या काळात. पेत्राला क्रुसावर, तेही उलटं टांगून. पौल रोमी नागरिक, म्हणून त्याला तलवार. ३५४ सालच्या रोमच्या एका यादीत २९ जूनला दोघांची नावं आहेत, इतका हा सण जुना. संत ऑगस्टीन या जुन्या बिशपनं तर प्रवचनात सरळ सांगितलंय की त्यांचे मरणाचे दिवस वेगळे असले तरी ते दोघं एकच होते. आणि जिवंतपणी? अंत्युखिया शहरात पौलानं पेत्राला तोंडावर सुनावलं होतं, बायबलातल्या गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. मी पोरांना सांगतो, सांगली, मिरज आणि कुपवाड १९९८ पासून एका महापालिकेत आहेत, भांडणं मिटली का? पण पाटी एकच लागते. पेत्र-पौलाची पाटी तशी आहे.

२६ जानेवारीला तीमथ्य आणि तीत. पौलाचे दोन हाताखालचे लोक, दोघांच्या नावे त्याची पत्रं. आदल्या दिवशी, २५ ला, पौलाच्या मनपरिवर्तनाचा सण, म्हणून लगेच दुसऱ्या दिवशी शिष्य. त्या दिवशी झेंडावंदन असतं, फळ्यावर वरच्या कोपऱ्यात झेंड्याची वेळ लिहावी लागते. जागा कमी पडते. कोणाला काटायचं नाही, अक्षर बारीक करायचं.

१४ फेब्रुवारीचा फळा मला फार आवडतो. सगळ्या गावाला त्या दिवशी व्हॅलेंटाइन माहीत. १९६९ मध्ये रोमच्या सर्वसाधारण कॅलेंडरातून त्याचं नाव निघालं आणि तारीख सिरिल आणि मेथोडियस या सख्ख्या भावांची झाली. सिरिल १४ फेब्रुवारी ८६९ ला रोममध्ये वारले, मेथोडियस ८८५ च्या एप्रिलमध्ये. म्हणजे तारीख धाकट्याची, थोरला त्यात सामील. हे दोघं ग्रीक, पूर्व युरोपातल्या स्लाव लोकांत गेले, आणि त्या लोकांच्या बोलीला लिपी नव्हती म्हणून सिरिलनं लिपी बनवली. जन्मभर अक्षरं काढलेल्या माणसाला याहून जवळचे संत कोणते असणार? कॉलेजची पोरं सायकल थांबवून वाचतात आणि म्हणतात, “काय ओ दिवाणजी, आज व्हॅलेंटाइन न्हाई व्हय?” मी म्हणतो, “न्हाई. आज बाराखडी.”

कॉस्मस आणि डॅमियन, २६ सप्टेंबर. जुळे भाऊ, सिरियाकडचे वैद्य, डायोक्लेशियनच्या छळात मारले गेले. ग्रीक लोक त्यांना ‘पैसे न घेणारे’ म्हणतात, कारण औषधाचा मोबदला घेत नसत. डॉक्टरांचे आणि सर्जनांचे आश्रयदाते. मिरजेपासून दहा किलोमीटरवर राहून हा सण कोरडा जाऊ देणं बरं नाही. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत दवाखाना उभा केला आणि गावाचं नशीब बदललं. ते प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंटांतल्या एका पंथाचे, संतांचे सण त्यांच्या मंडळीत नाहीत, पण त्या तारखेच्या फळ्यावर मी खाली एक ओळ मिरजेतल्या सगळ्या डॉक्टर-नर्सांसाठी लिहितो. त्यांच्या शेजारीच, २७ ला, विन्सेंट डी पॉल. त्यांचं मरण २७ सप्टेंबर १६६० चं, म्हणून जुळे एक दिवस अलीकडं सरकले. घरात पाहुणा आला की भावांनी ओसरीवर झोपावं तसं.

आता ‘आणि सोबती’. या दोन शब्दांवर माझा राग आहे. आडतीत एखादा कारकून पावतीवर ‘पाटील व इतर’ लिहायचा, आणि मग त्या ‘इतर’ मधला गरीब शेतकरी पट्टी, म्हणजे मालाचा हिशेब आणि पैसे, घ्यायला आला की त्याचं नावच सापडायचं नाही. अर्धा दिवस तो दारात उकिडवा बसलेला मी पाहिलाय. माझं आजोळ खटाव तालुक्यातलं. ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला, गोळीबार झाला, नऊ जण पडले. परशुराम घार्गे यांचं नाव सगळ्यांच्या तोंडी. बाकी आठ कोण, असं विचारलं की बहुतेक जण खिडकीबाहेर बघतात. आमच्या ‘सोबती’ मंडळींचंही तेच होतं.

आणि पॉल मिकीच्या ‘सोबती’मध्ये कोण दडलंय? आपला वसईचा माणूस. गोन्सालो गार्सिया, वसईत जन्मलेला, बाप पोर्तुगीज, आई तिथलीच. चिमाजी अप्पांनी १७३९ ला जिंकली तीच वसई, फक्त याचा जन्म त्याच्या सुमारे एकशे ऐंशी वर्षं आधीचा. तो जपानात गेला, भाषा शिकला, व्यापार केला, पुढं मनिलाला फ्रान्सिस्कन बंधू झाला. १५९३ मध्ये मनिलाहून फ्रान्सिस्कन फादर पेद्रो बाप्तिस्त जपानला गेले तेव्हा दुभाषा हाच. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमानं यांना क्योतोमध्ये पकडलं, डाव्या कानाचा तुकडा कापला आणि ऐन थंडीत नागासाकीपर्यंत चालवत नेलं, जवळजवळ महिनाभर. ५ फेब्रुवारी १५९७ ला निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस. त्यात लुईस इबाराकी हा बारा वर्षांचा पोरगा होता. १८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी सगळ्यांना संतपद दिलं, आणि भारतात जन्मलेला पहिला संत गोन्सालो ठरला. ५ तारीख आधीच संत आगाथाची, म्हणून सण ६ ला.

आता सांगा, सांगलीच्या फळ्यावर ‘पॉल मिकी आणि सोबती’ एवढंच लिहून कसं भागेल? माझी रीत अशी. पहिल्या ओळीत कॅलेंडरातलं नाव जसंच्या तसं, ते बदलायचा अधिकार आपल्याला नाही. दुसऱ्या ओळीत एकूण आकडा, गाव आणि साल. तिसऱ्या ओळीत सोबत्यांमधली दोन नावं उघडायची: एक आपल्या मुलखाच्या जवळचं, एक पोरांच्या वयाचं. म्हणजे ‘यांत वसईचा गोन्सालो गार्सिया आणि १२ वर्षांचा लुईस’. चौथ्या ओळीत डोळ्यापुढं उभी राहील अशी एकच गोष्ट. मी कान लिहितो. फादरांना ते जरा भडक वाटलं होतं. पण त्या दिवशी फाटकातून आत येताना चार पोरांनी आपापला डावा कान धरून बघितला, मी मोजले.

दोन नावांत लहान-मोठं करू नका, यासाठी ७ मार्च शिका. पर्पेतुआ आणि फेलिसिटी, उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज, साल २०३. दोघी ख्रिस्ती म्हणून पकडलेल्या. पर्पेतुआ बाविशीची, चांगल्या घरची, शिकलेली, अंगावर पिणारं मूल. तिनं तुरुंगात रोजच्या रोज लिहून ठेवलं, बाप येऊन कसा पाया पडला तेही, म्हणून तिच्याविषयी आपल्याला पुष्कळ माहीत. फेलिसिटी गुलाम. तिनं काही लिहिलं नाही. आठवा महिना चालू होता, आणि रोमी कायदा गरोदर बाईला मारू देत नसे, म्हणून तिला घोर लागला की आपण मागं राहू आणि आपली माणसं पुढं जातील. सगळ्यांनी प्रार्थना केली. दोन-तीन दिवस आधी ती तुरुंगातच बाळंत झाली, मुलगी झाली, आणि मंडळीतल्या एका बाईनं ती वाढवली. मग दोघी एकत्र आखाड्यात मरायला गेल्या. मालकिणीच्या जातीची आणि गुलाम, एका तारखेला, एका ओळीत.

सुरुवातीला एक वर्ष मी काय केलं होतं, पर्पेतुआची गोष्ट मोठी म्हणून तिला चार ओळी दिल्या आणि फेलिसिटीला खाली कोपऱ्यात, उरलेल्या जागेत. आमच्या चर्चमध्ये झाडलोट करणाऱ्या मावशी मिस्सेनंतर फळ्यापुढं उभ्या होत्या. वाचता येतं त्यांना, सावकाश. म्हणाल्या, “ही धाकटी का ओ?” मी म्हटलं, धाकटी नाही, गुलाम होती. “मग म्हणूनच बारीक लिवलीसा व्हय,” म्हणून झाडू घेऊन गेल्या. हे काही त्यांनी रागानं म्हटलं नव्हतं. पण तेव्हापासून मी दोन्ही नावं सुतळीनं आखून एका उंचीची काढतो. आणि मिस्सेच्या पहिल्या महाप्रार्थनेत ऐका: तिथं आधी फेलिसिटी येते, मग पर्पेतुआ.

रंगाचं थोडक्यात. रक्तसाक्षी आणि प्रेषित, लाल खडू. बाकी संत, पांढरा. म्हणजे कॉस्मस-डॅमियन लाल, तीमथ्य-तीत पांढरे, २६ जुलैचे योआकीम आणि अन्ना हे येशूचे आजी-आजोबाही पांढरे. पण ७ मार्च बहुधा ईस्टरआधीच्या उपवासकाळात येतो, तेव्हा फादरांचा झगा जांभळाच असतो. चौकट जांभळी काढा, नावं लाल. पिवळा खडू वापरू नका. मला यार्डातली सवय, हात पिवळ्याकडंच जातो, म्हणून मी पेटीतून पिवळे काढूनच टाकले. आणि सण रविवारी आला तर आधी फादरांना विचारा: पेत्र-पौलासारखा मोठा सण साध्या रविवारावर मात करतो, लहान स्मरणदिन त्या वर्षी गळतो.

फळा कसा: आमचा जुना प्लायवूडचा २०१९ च्या पुरात फुगला, आता पत्र्याचा आहे, चार फूट बाय तीन. नावांचं अक्षर तीन इंची, म्हणजे रस्त्यापलीकडच्या रिक्षावाल्याला वाचता येतं. खडू दहा मिनिटं साखरेच्या पाण्यात भिजवून लिहिला की अक्षर ठळक उठतं आणि वाऱ्यानं झडत नाही. मुंग्या येतात, त्याला इलाज नाही. आधी पूर्ण ओळ शिरोरेघेविना काढा, शब्द मावतो का बघा, मग रेघ ओढा. ओळी आठाच्या वर नेऊ नका. शेवटची ओळ मिस्सेची वेळ, कारण निम्मे लोक तेवढीच वाचतात.

एक गोष्ट बाहेरच्या वाचणाऱ्यांसाठी. आमच्या फाटकाजवळ भाजीची गाडी लावणारे एक माळकरी आहेत. त्यांनी पहिल्याच वर्षी विचारलं, “तुमच्यात बी संत असत्यात? आणि ही तारीख जयंतीची का पुण्यतिथीची?” मी सांगितलं, बहुतेक पुण्यतिथीची, कारण मरण म्हणजे स्वर्गातला जन्म असं आमच्यात मानतात. “आमच्यात बी पुण्यतिथीच मोठी,” म्हणाले आणि कोथिंबिरीची जुडी बांधायला लागले. तेव्हापासून मी तारखेखाली ‘स्मरणदिन’ लिहितो, नुसतं ‘सण’ लिहीत नाही.

राहिला १ नोव्हेंबर, सकल संतांचा. याचं मूळही रक्तसाक्ष्यांच्या सामायिक सणातच आहे. सातव्या शतकाच्या सुरुवातीला पोप चौथे बोनिफेस यांनी रोममधलं पँथिऑन, म्हणजे जुन्या रोमी देवांचं देऊळ, १३ मेला मरीया आणि सर्व रक्तसाक्षी यांच्या नावानं अर्पण केलं. रक्तसाक्ष्यांबरोबर बाकीचे संत आले, आणि नवव्या शतकात १ नोव्हेंबर ही तारीख सगळीकडं पसरली. ज्यांना कॅलेंडरात जागा मिळाली नाही त्या सगळ्यांचा हा दिवस. या दिवशी मी वरच्या दोन ओळी लिहितो आणि खालचा फळा कोरा सोडतो. खडूंची पेटी खाली ठेवायची. मिस्सेनंतर पोरं आपापल्या नावाच्या संताचं नाव लिहितात. आमच्यात निम्मी पोरं विजय, संजय, सुनीता. एका विजयनं मला विचारलं, “काका, संत विजय कधी असतोय?” मी म्हटलं, “आजच. लिही.” त्यानं लिहिलं, ‘संत विजय’, पहिली वेलांटी उलटी काढली. मी दुरुस्त केली नाही.

पेटी ठेवताना दोन गोष्टी बघा. खडू आदल्या दिवशी साखरेत भिजवलेले नकोत, पोरं तोंडात घालतात. आणि फळा त्या दिवशी एक हात खाली टांगा, म्हणजे पहिलीतल्या पोरांनाही पोचेल. खिळा तिथं मारून ठेवलाय, रंगाच्या खाली दिसत नाही, बोटानं चाचपडा. दुसऱ्या दिवशी मृतांचा दिवस, लोक पहाटेच स्मशानभूमीकडं मेणबत्त्या घेऊन निघतात, म्हणून फळा रात्रीच पुसायचा. पुसायच्या आधी सगळी नावं वहीत उतरवून घ्या. वही वेदीमागच्या खोलीत, डावीकडच्या कपाटात, लाल पुठ्ठ्याची.